चहाच्या वेळचा गरुड

११ जानेवारी

वरच्या घराला आज दार बसलं. सुतारकाका म्हणाले, "आता वाऱ्याला आत यायचं तर कडी वाजवून यावं लागेल." मी दार पुन्हा पुन्हा उघडून लावून पाहिलं. आत्या म्हणाली, "पुरे गं, पाहुण्यांसाठी थोडं शिल्लक ठेव."

ही दोन दगडी घरं दीपगृहावरच्या कामगारांसाठी बांधलेली. दिवा आपोआप लागायला लागला तशी माणसं गेली आणि वटवाघळं राहायला आली. आम्ही ती भाड्याने घेतली. मागच्या पडवीचं छप्पर मी वटवाघळांसाठी तसंच ठेवलंय, बाकी घर आईच्या झाडूने मोकळं केलं. आता यांना कॉटेज म्हणायचं. एक वरचं, एक खालचं. आम्ही स्वतः दोन्हींच्या मागे, जुन्या कोठीघरात.

वरच्या ओट्यावर उभं राहिलं की पायाखाली कडा तुटलेला. काळे खडक, त्यांच्या फटींत शिरून फुटणारं पाणी, आणि समोर समुद्रात एकटाच उभा असलेला सुळका. सुळक्याच्या माथ्यावर वाकडं झाड, झाडात काटक्यांचा मोठा ढीग. ते समुद्रगरुडाचं घरटं. लहानपणापासून तो ढीग रोज पाहिलाय. पण असलं काही बघायला लोक लांबून येतात, हे कॉलेजात गेल्यावर कळलं.

बाबांशी काय ठरलंय तेही लिहून ठेवते. शहरातल्या कार्यालयात मला नोकरी मिळाली आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि खुर्चीत बसून पगार घेणारीही पहिलीच झाले असते. रुजू व्हायला मी मार्चअखेरची मुदत मागून घेतली. तोवर कॉटेज चालली तर ठीक, नाहीतर एक एप्रिलला मुकाट्याने ऑफिस.

"मुकाट्याने हा शब्द तुझ्या तोंडी शोभत नाही," बाबा म्हणाले, "पण ठीक आहे."

१४ जानेवारी

पाहुण्यांसाठी माहितीचं पत्रक तयार केलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलंय: "आम्ही कोणत्याही प्राण्याला अन्न घालत नाही. इथे जे दिसेल ते आपल्या मर्जीने आलेलं असेल." माणसाने निसर्गाकडे पाहुण्यासारखं जावं, मालकासारखं नाही, असं मला मनापासून वाटतं. एवढं एक जरी लोकांना इथून नेता आलं तरी सगळ्या खटाटोपाचं सार्थक झालं.

आत्याने वाचून विचारलं, "आणि जेवणात काय मिळेल ते कुठे लिहिलंयस, पदवीधर?"

ते राहिलंच होतं.

१९ जानेवारी

पहिले पाहुणे गेले. नवरा-बायको होते. गरुड दोन्ही दिवस लांबच घिरट्या घालत राहिला. दुर्बीण लावून दाखवला, तर गृहस्थ म्हणाले, "हा ठिपका बघायला एवढा प्रवास केला होय आम्ही?" बायको त्यांना गप्प करत होती, पण तिलाही तसंच वाटत होतं. आज पहाटे खडकांत पाणमांजरं आली होती, तेव्हा दोघं झोपले होते.

ते गेल्यावर मी चादरी काढताना रडले. मोठ्याने नाही. बाबा बाहेर खिडकीची बिजागरी ठोकत होते. ते एवढंच म्हणाले, "ऑफिसात कोणी ठिपका म्हणणार नाही." मला त्यांचा रागच आला. मग ते हातोडी ठेवून बराच वेळ सुळक्याकडे बघत उभे होते.

२७ जानेवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहायला हवं.

दुपारच्या चहाला पाहुण्या ओट्यावर बसल्या होत्या. दोघी बहिणी, शाळेतून निवृत्त झालेल्या. मी किटली घेऊन आले तेवढ्यात सुळक्यावरून तो निघाला. पंख हलवत नव्हता, नुसता वाऱ्यावर रेलून येत होता. पोट पांढरंशुभ्र, पंख राखाडी, चोच खाली वळलेली. आम्हाला वाटलं वरून निघून जाईल, पण तो खाली खाली उतरत आमच्या ओट्याखालच्या सपाट खडकाशी आला, पाय पुढे काढले आणि न थांबता एक मासा उचलला. पंखांचा आवाज आम्हाला ऐकू आला. ओली चादर झटकावी तसा.

धाकट्या बहिणीने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. "अगं, त्याचा डोळा दिसला मला," ती म्हणाली. "पिवळा." थोरलीचा चहा तसाच गार झाला.

लाटेने खडकावर फेकलेला मासा असावा. ओट्यावरून त्या खडकाची फक्त समुद्राकडची कड दिसते, अलीकडचा भाग कड्याच्या फुगीर पोटाआड जातो. त्यामुळे तो मासा तिथे कधी आला कळलं नाही. पण ज्याला पोटाची गरज आहे त्याला निसर्ग बरोबर वाट दाखवतो!

३ फेब्रुवारी

गरुड आता रोज येतो. रोज! आणि तेही चहाच्या वेळी. परवा पाहुण्यांना दुपारी डुलकी लागली म्हणून चहा उशिरा झाला, तर तोही उशिरा आला. मी कितीतरी विचार केला. भरती-ओहोटीची वेळ रोज सरकते, त्यामुळे पाण्याचा संबंध नसावा. बहुतेक उन्हाची दिशा, किंवा ओट्यावरची हालचाल पाहून त्याचं कुतूहल जागं होत असेल. हे कोणीतरी अभ्यासायला हवं.

पाहुण्यांनी आपल्या ओळखीच्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या. महिनाअखेरपर्यंत दोन्ही घरं भरली आहेत.

बाबांमध्येही फरक पडलाय. जेवताना न चुकता विचारतात, "आज पाहुण्यांचा चहा किती वाजता?" त्यांना या कामात गोडी वाटायला लागली याचा मला फार आनंद होतो. दुपारी फिरायलाही जातात, खालच्या खडकांकडे. खांदा निकामी झाल्यापासून, म्हणजे होडी विकल्यापासून, ते नुसते बसून असायचे. डॉक्टरांनी हातपाय हलवायला सांगितलं होतं, ते आता कुठे ऐकताहेत.

७ फेब्रुवारी

मासेवाली मावशी सकाळी दारात येऊन हसून हसून बेजार. "दादा, जन्मभर मला मासे दिलेत, आणि आता माझ्याकडूनच विकत घेताय?"

"तुझा धंदा बुडू नये म्हणून," बाबा म्हणाले.

"आणि तेही पाव किलो नाही, टोपलीभर! घरात एवढं खातं कोण?"

"मांजर," आई म्हणाली.

आमच्याकडे मांजर नाही. आईला म्हटलं तर म्हणाली, "येतं गं एक, बाहेरून." मला वाटतं बाबांना जुन्या दिवसांची आठवण येते. समुद्रावर जाता येत नाही, निदान माशांचा वास तरी हाताला राहावा. मी त्यांना काही बोलणार नाही.

१० फेब्रुवारी

आज गरुड आला नाही. बाबा खांदा दाखवायला शहरात गेले होते, नाहीतर त्यांनाही वाईट वाटलं असतं. वारा उलटा होता हे कारण असावं. पाहुण्यांना मी तसं समजावून सांगितलं आणि त्यांना पटलं.

१६ फेब्रुवारी

पिल्लू दिसलं! घरट्याच्या काठावर येऊन पंख पसरून उभं होतं, पिसारा अजून तपकिरी, अवतार अगदी झोपेतून उठवलेल्या मुलासारखा. मी आईला दुर्बिणीपाशी ओढत नेलं. आई एक डोळा मिटून खूप वेळ बघत होती. "मोठं झालं की गं," म्हणाली. "पण अजून आयतंच खातंय."

दुसरी बातमी त्याहून मोठी. पक्षी बघणाऱ्यांसाठी चांगल्या जागांची पुस्तकं लिहिणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी एक जागा चांगली म्हटली की पुढची कितीतरी वर्षं तिथे माणसं येत राहतात. त्या बावीस तारखेला येताहेत, चार दिवस. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला आणि मी रात्रभर जागी... नाही, झोपले, पण उशिरा.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे चार दिवस चहा वेळेवर हवा."

२२ फेब्रुवारी

बाई आल्या. लहानखुऱ्या, पायांत मोठे बूट, गळ्यात दोन दुर्बिणी. आत्याने चहा देऊन परत येईपर्यंत त्यांचं नाव दुर्बीणबाई ठेवून टाकलं होतं. बोलतात कमी. ओट्यावर बसल्या, मांडीवर टोपी ठेवली आणि नुसत्या बघत राहिल्या.

ठरल्या वेळी गरुड आला. मी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं.

"रोज याच वेळी येतो?" त्यांनी विचारलं.

"घड्याळ लावून घ्या!"

त्या माझ्याकडे वळून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू इथेच वाढलीस?" मी हो म्हटलं. "आणि हे पत्रक तूच लिहिलंस?" मी हो म्हटलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि चहा मागितला.

२४ फेब्रुवारी

रात्र फार झाली आहे, तरी लिहिते.

सकाळपासून वारा पिसाळलेला. लाटा खडकांवर आपटून वरच्या ओट्यापर्यंत तुषार येत होते. मी बाईंना म्हटलं, आज चहा आत घेऊ. त्या म्हणाल्या, "चल, आज दुसरीकडून बघू." आपली तिपाई आणि मोठी दुर्बीण उचलून त्या खालच्या घरामागच्या कोपऱ्यावर गेल्या. तिथून तो सपाट खडक अख्खा दिसतो. मी तिथून कधी पाहिलंच नव्हतं. माझी दुर्बीण नेहमी घरट्याकडे वर रोखलेली.

त्यांनी डोळा लावला, मग बाजूला झाल्या. "तूच बघ."

काचेत बाबा होते. हातात बादली. एक मासा शेपटीला धरून वर उंचावलेला, आणि ते काहीतरी बोलत होते. ओठ हलताना दिसत होते. गरुड त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत होता. बाबांनी मासा खडकावर टाकला, मागे सरकले आणि तेवढ्यात लाट आली. फार मोठी नव्हती. गुडघ्याएवढी. पण बाबा गेले आडवे.

मी कशी धावले आठवत नाही. बाई माझ्या मागे होत्या. बाबा खडकाच्या खाचेत अडकले म्हणून वाचले, पाण्यात गेले नाहीत. पाय विचित्र वळलेला. आम्ही दोघींनी काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. सगळीकडे मासे विखुरलेले. आणि तो गरुड आमच्यापासून दोन हातांवर उतरला, एक मासा उचलला, निघून गेला. आम्हाला भ्यालाही नाही.

बाबा दात आवळून म्हणाले, "बाईंनी पाहिला ना?"

२५ फेब्रुवारी

घोट्याच्या वर हाड मोडलंय. प्लास्टर घातलं. बाबा घरी आले आहेत.

मी ठरवलं होतं की ते बरे होईपर्यंत काही बोलायचं नाही. दुपारपर्यंत दम धरला.

"तुम्ही मला खोटं पाडलंत बाबा. मी सगळ्यांना सांगत होते की आम्ही काही घालत नाही."

"तू कुठे खोटं बोललीस? तुला ठाऊकच नव्हतं."

"आणि तुम्ही?"

"मी तर काही बोललोच नाही."

"घ्या!" आत्या म्हणाली. "दोघंही धुतल्या तांदळासारखे."

आईला ठाऊक होतं. आत्याला ठाऊक होतं. मासेवालीला तर पहिल्या टोपलीपासून संशय होता. ठाऊक नव्हतं ते फक्त मला, जिने भरती-ओहोटीचं कोष्टक मांडलं.

"का केलंत?" मी विचारलं.

बाबा प्लास्टरकडे बघत म्हणाले, "मासे उरायचे."

विकत आणलेले मासे उरतात कसे? बाबांचा माझ्या कामावर विश्वास नाही, एवढाच अर्थ मला लागला. स्वतःच म्हणायचे ऑफिसात जा. मग हे कशाला? मी पडले असते तर पडले असते, माझ्या पायांनी.

२६ फेब्रुवारी

दुर्बीणबाई आज गेल्या. जाण्याआधी त्यांनी मला ओट्यावर बसवलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तुला ठाऊक आहे की नाही ते कळेना. ठाऊक असतं तर मी त्याच दिवशी बॅग भरली असती."

मी विचारलं, आता काय करू, आजपासून बंद करू? त्या म्हणाल्या, एकदम नाही. पिल्लू ऐन वाढीत आहे. आईबापांनी महिनाभर आयतं आणलंय, लांब जायची सवय मोडली आहे. हळूहळू कमी कर. एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. वेळ रोज वेगळी. जागा लांबची. आणि माणूस दिसता कामा नये. माणूस म्हणजे मासा, हे त्याच्या डोक्यातून गेलं पाहिजे.

"पण टाकणार कोण?" मी विचारलं. बाबा तर पलंगावर.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पुस्तकात काय लिहिणार, हे मी विचारलं नाही. त्या आपणहून म्हणाल्या, "यंदा काहीच लिहिणार नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही."

आत्याला सगळं सांगितलं, तर ती खो खो हसली. "म्हणजे अंगावरचं सोडवायचंय म्हण की! त्याला काय पुस्तकं लागतात? तुला सोडवताना तुझ्या आईने कडू लेप लावला, तर तू तो चाटून पुन्हा मागितलंस. शेवटी तुला माझ्या खोलीत ठेवलं. तू घर डोक्यावर घेतलंस. आणि तुझा बाप! दर थोड्या वेळाने दाराशी यायचा. 'ताई, आजच्या दिवस देऊन टाका ना.' मी दाराला आतून कडी घातली."

"एवढं काही नव्हतं," बाबा पलंगावरून म्हणाले.

२ मार्च

पुढच्या सगळ्या पाहुण्यांना फोन करून खरं ते सांगितलं. गरुड जवळ येत होता तो आम्ही मासे टाकत होतो म्हणून. आता टाकणं कमी करतो आहोत. दिसेलच असं नाही. काही जण चांगलं बोलले आणि येत नाही म्हणाले. काही जण वाईट बोलले आणि येत नाही म्हणाले. वरचं घर पूर्ण रिकामं झालं.

पत्रकातलं ते वाक्य खोडलं. दुसरं सुचेना, म्हणून जागा कोरी सोडली आहे.

मासे टाकायची युक्ती बाबांची. छपराचं पाणी वाहून नेणारा जुना पाइप काढला, तो लांबच्या खडकांत तिरका बसवला. वरच्या टोकाशी दगडांचा आडोसा. आडोशामागे बसून मासा पाइपात सोडायचा की तो घसरत खाली खडकावर पडतो, माणूस दिसत नाही. बाबा खुर्चीत बसून लांबून ओरडून सांगत होते, "अगं, आणखी तिरका धर! मासा काय टपालपेटीत टाकायचं पत्र आहे का?"

ज्या हातांनी मी "अन्न घालत नाही" असं लिहिलं त्याच हातांना आज माशांचा वास येतोय. साबणाने दोनदा धुतले.

७ मार्च

आज द्यायचा दिवस नव्हता. चहाच्या वेळी गरुड जुन्या सपाट खडकावर येऊन बसला. मान वळवून पायवाटेकडे बघत होता. जरा वेळाने दुसरीकडे मान, मग पुन्हा पायवाट. आणि सुळक्यावरून पिल्लाचं ओरडणं. बारीक, चिरकं, न थांबणारं.

"मला इथपर्यंत ऐकू येतंय," बाबा म्हणाले.

"मलाही."

"एकच मासा."

"नाही बाबा."

"पाइपातून. कोणाला दिसणार आहे?"

"नाही."

"तू शिकून फार कठोर झालीस."

बाबांनी चहा तसाच सरकवला. आत्या भांडी उचलत म्हणाली, "कोण कोणाचं सोडवतंय, मला तरी कळेनासं झालंय." आत्याला विनोदाची वेळ कळत नाही.

इथे खरं लिहायला हरकत नाही. संध्याकाळ व्हायच्या आधी मी बादली घेऊन गेले होते. आडोशामागे बसले. पिल्लू ओरडत होतं. मग तशीच परत आले. बाबांना सांगितलं नाही.

१२ मार्च

खालच्या घरात घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आणि काकू आले आहेत. त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी आले. काका म्हणाले, "आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून एवढ्याशा चाकांत बघत आलो. मला लांबचं काहीही चालेल."

त्यांनी गरुड मागितलाच नाही. सकाळी उठून खडकात बसतात, दोघं, मध्ये एक शाल. आज त्यांच्यामुळे मी पाणमांजरांचं अख्खं कुटुंब पाहिलं. पाण्यातून आधी चपटी डोकी वर आली, मग ती ओली चकचकीत शरीरं एकामागून एक खडकावर चढली, अंग झटकलं आणि एकमेकांवर लोळायला लागली. एका पिल्लाने खेकडा पकडला, खेकड्याने त्याचं नाक पकडलं. काकू तोंडावर पदराएवढा रुमाल दाबून हसत होत्या, आवाज होऊ नये म्हणून. पिल्लांची आई मागे वळून आमच्याकडे बघत होती. आम्ही आहोत हे तिला ठाऊक होतं, आणि तिने चालवून घेतलं. मला इतका मान आजवर कोणी दिलेला नाही.

दुपारी काका बाबांजवळ बसले. त्यांच्या घड्याळाच्या गोष्टी, बाबांच्या वाऱ्याच्या. बाबा बऱ्याच दिवसांनी हसले.

१७ मार्च

ऑफिसातून फोन. रुजू होताय ना, असं विचारत होते. मी म्हटलं, महिनाअखेर कळवते. बाबा ऐकत होते. "कळवायचं काय त्यात? येते म्हणून सांग. ठरलंय ना आपलं."

ठरलंय. वरचं घर रिकामं आहे, खालच्यात घड्याळवाल्या काकांनंतर कोणी नाही. मी हरले हे मला दिसतंय. फक्त त्या पिल्लाचं काही तरी मार्गी लागल्याशिवाय इथून पाय निघणार नाही.

२१ मार्च

आज द्यायचा दिवस होता. मधले तीन दिवस काही दिलं नव्हतं. सकाळीच बादली भरून आडोशामागे गेले.

खडकावर कोणी नव्हतं. पिल्लू घरट्याच्या काठावर बसून ओरडत होतं, आवाज घोगरा झालेला. मोठा गरुड लांब, पाण्यावर होता. उंचावर तरंगत खाली बघत. मी मासा पाइपाच्या तोंडाशी धरला. सोडला असता तर पडल्याचा आवाज झाला असता आणि तो आला असता. एवढ्यात त्याने खाली झेप घेतली. पाणी उडालं. वर आला तेव्हा पाय रिकामे.

पुन्हा चढला. पुन्हा झेप. पुन्हा रिकामा. पंख ओले झाल्यामुळे वर चढायला त्याला कष्ट पडत होते. माझ्या हातातला मासा गरम व्हायला लागला होता. मी तो बादलीत ठेवला. परत उचलला. पिल्लू ओरडतच होतं. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा मी डोळे मिटून घेतले, मग वाटलं, हे बघायचं नाही तर मी इथे कशाला आहे? आणि उघडले.

चौथ्या वेळी तो पाण्याला नुसता चाटून गेल्यासारखा वाटला. पण वर आला तेव्हा पायांत काहीतरी वळवळत होतं. लहानच होतं. टोपलीतल्या कोणत्याही माशाहून लहान. तो सुळक्याकडे वळला, सरळ, खडकाकडे बघितलंही नाही. पिल्लाने दोन्ही पंख उघडले. मग ओरडणं थांबलं.

इतकं शांत झालं की मला लाटा ऐकू यायला लागल्या. मी किती वेळ तिथे बसून होते कोण जाणे. असं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही, आणि ते दाखवायला शेजारी एकही पाहुणा नव्हता.

भरलेली बादली घेऊन घरी आले. बाबा दारात खुर्चीवर. बादलीकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. मी सगळं सांगितलं.

"किती वेळा चुकला म्हणालीस?"

"तीनदा."

"आणि तू काय करत होतीस?"

"बघत होते."

"मासा हातात असताना?"

"हो."

"पोर ओरडत असताना?"

"हो बाबा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बऱ्याच दिवसांनी गावाहून आले आहे. मग काठी टेकून प्लास्टरचा पाय जरा सरकवला. "उद्या त्या ऑफिसला फोन कर. येत नाही म्हणून सांग."

"पण वरचं घर रिकामं आहे! पुढे कोणी येणारही नाही."

"येतील, नाहीतर नाही येणार. तुझं तू बघ."

आजवर बाबा मला असं कधीच म्हणाले नव्हते. रागावले की काय तेच कळेना. पण आवाज रागाचा नव्हता, आणि गरुडाने मासा धरण्याचा माझ्या नोकरीशी काय संबंध, तेही मला समजलं नाही. मी आईला विचारायला आत गेले. तिने माझ्या हातातून बादली घेतली, विळी पुढे ओढली आणि आमच्या जेवणासाठी मासे साफ करायला बसली.